मीठ, कोळसा आणि तांब्याभर पाणी

सारसोळ्याची चांगुणाबाई येते आहे हे लांबूनच ओळखू यायचे. मिठागरात जन्म गेलेल्या माणसाचे पाऊल वेगळे पडते. खारट चिखलात रुतू नये म्हणून टाच आधी न टेकता सगळा तळवा एकदम ठेवायचा. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की पायाखाली डांबर आले तरी ती तशीच चालायची, जणू रस्ताही केव्हा खचेल याचा नेम नाही. तिचे तरी काय चुकत होते? ज्या जमिनीवर ती लग्न होऊन आली ती जमीन खचली नव्हती, पण तिच्या डोळ्यांदेखत बुजली होती.

नेरूळच्या 'शीतल' सोसायटीत तळमजल्यावर गुप्त्यांकडे ती भांडी घासायची. सुनीती गुप्ते आणि तिचा नवरा अरविंद गिरगावातल्या एका खोलीतून इथे आले होते. दोन खोल्या, स्वतःचा नळ आणि मागे हातभर अंगण मिळाल्याच्या आनंदात अजून होते. चांगुणाबाई सकाळी आली की भांड्यांना हात लावण्याआधी तांब्या भरून इमारतीच्या मागे जायची. तिथे कुंपणाजवळ विटांची एक चौकट होती, वर लोखंडी झाकण. झाकण बाजूला सरकवून ती हळूहळू, धार न तोडता, सगळे पाणी आत ओतायची. मग पदराने तोंड पुसून कामाला लागायची.

"चांगुणाबाई, तिथे काय आहे हो?" सुनीतीने पहिल्या पहिल्यांदा विचारले होते.

"आमची जागा हाय ती," एवढेच उत्तर आले.

सोसायटीतल्या लोकांनी आपापसात ठरवून टाकले की ही तिच्या जुन्या शेताच्या राखणदाराची, म्हणजे शेत राखणाऱ्या अदृश्य देवाची, जागा असणार. इकडचे आगरी लोक बांधावरच्या राखणदाराला मानतात हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झाले होते. चांगुणाबाईने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. राखणदाराला लोक वाट देतात, त्याच्याबद्दल फार प्रश्न विचारत नाहीत. तिला तेवढेच हवे होते.

खरी गोष्ट तिच्या पोटातच होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली आणि बारसे होण्याआधीच गेली. तान्ह्या पोराला अग्नी देत नाहीत. नवऱ्याने, गंगारामने, मिठागराच्या बांधावर, खाडीकाठी वाढणाऱ्या भेंडीच्या मोठ्या झाडाखाली खड्डा खणला, आपल्याच आगरातले मीठ पाटीभर आणून आत पसरले, पोरीला ठेवले, वरून पुन्हा मीठ घातले आणि माती लोटली. चांगुणाबाईला बायकांनी घरातच धरून ठेवले होते. पुढे मूल झाले नाही. मिठागरावर जाता-येता ती त्या भेंडीखाली ओंजळभर पाणी टाकायची. गंगारामला दिसायचे, तो पुढे चालत राहायचा.

मग गंगाराम गेला. त्याच सुमारास नवे शहर आले. जमिनी गेल्या. डोंगर फोडून आणलेला मुरूम ट्रकांनी दिवसरात्र येऊन पडत राहिला. बांध बुजले, भेंडी बुजली, खाडीचे पाणी मागे सरले. एक दिवस चांगुणाबाई उभी राहिली आणि तिला कुठेच काही ओळखू येईना. चहूकडे नुसता तांबडा माळ. फक्त गावविहिरीचा कठडा आणि गावदेवीचे देऊळ शिल्लक होते. विहिरीकडे पाठ करून, देऊळ डावीकडे धरून ती अंदाजाने चालत राहायची, थांबायची, पुन्हा मागे यायची. पाणी टाकायचे तरी कुठे? पुढची काही वर्षे तिने कुठेच टाकले नाही.

'शीतल'चे काम निघाले तेव्हा ती तिथे घमेली वाहायला लागली. काम संपत आले असताना एक दिवस कुंपणाजवळ दोन माणसे खड्डा खणताना तिने पाहिली. मुकादमाने तिलाच मीठ आणायला पिटाळले, जाडे मीठ, गोणीभर. तिने गोणी डोक्यावरून आणून टाकली आणि बघत राहिली. खड्ड्यात एक नळी उभी केली. भोवती कोळशाचा थर. त्यावर मिठाचा थर. पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. चांगुणाबाई खड्ड्याच्या काठाशी आली.

"कोनाला ठेवता रं?" तिने विचारले.

खणणारा माणूस हसला. "लायटीला ठेवतोय, मावशे!"

तो थट्टा करत होता असे तिला वाटले. मीठ घालून कुणी लाईट पुरतात होय! माणसांनी माती लोटली, वरून बादलीभर पाणी ओतले, विटा रचल्या आणि निघून गेली. चांगुणाबाईने विहिरीकडे पाठ केली, देऊळ डावीकडे धरले. अंदाज जुळत होता. निदान जुळत नाही असे तिला म्हणता येईना. बुजलेल्या भुईवर कुणीतरी येऊन पुन्हा मीठ घातले होते, पुन्हा पाणी दिले होते, वर चौकट बांधून दिली होती. ज्याने केले त्याला माहीत नसेल, पण करून घेणारा कुणी असेलच की. दुसऱ्या दिवसापासून तिचा तांब्या सुरू झाला.

सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब काटकर. मूळचे कराडकडचे, सरकारी कचेरीत मोठे कारकून, कामाला वाघ आणि तोंडाला फटकळ. लोकांनी स्कूटरी घेतल्या, त्या मुरमात रुतू लागल्या, तेव्हा मागच्या जागेत शहाबादी फरशी घालायचे त्यांनी मनावर घेतले. शहाऐंशीच्या शिमग्यानंतर गवंडी आला. सगळे सपाट हवे म्हणून विटांची चौकटही फरशीखाली गेली.

सकाळी चांगुणाबाई तांब्या घेऊन आली आणि थबकली. बराच वेळ उभी राहून तिने अंदाजाने एका फरशीवर पाणी ओतले. पाणी फरशीवरून घरंगळत गटाराकडे गेले.

"ओ बाई!" वरच्या गॅलरीतून रावसाहेब ओरडले. "न्हाणीघर हाय का ते? आत्ताच सिमेंट भरलंय. डास हुत्यात, निसरडं हुतंय. उद्यापासनं बंद करायचं हे."

"तांब्याभर तर पानी हाय, सायेब."

"तांब्याभर असू दे न्हाईतर चूळभर. पडलं कोन म्हंजे मला धरत्याल."

चांगुणाबाई रिकामा तांब्या घेऊन आत गेली. त्या दिवशी सुनीतीच्या पातेल्यांना काजळी राहिली. सुनीतीने ती मुकाट्याने पुन्हा घासून घेतली.

चैत्र तापला आणि 'शीतल'मध्ये नसते प्रकार सुरू झाले.

पहिल्या मजल्यावरच्या जयमालाबाई केस धुऊन नळ बंद करायला गेल्या, तर कुणीतरी बोटे धरून झटका दिल्यासारखे झाले. त्यांची मांजर फ्रिजला अंग घासायला गेली आणि किंचाळत जिन्यावरून थेट गच्चीत पळाली. पुन्हा फ्रिजच्या खोलीत पाय ठेवीना. ओल्या ओट्यावरची स्टीलची बादली उचलताना कुणाच्या मनगटात मुंग्या आल्या. फ्यूज मात्र कुणाचा गेला नव्हता, दिवे लख्ख लागत होते, त्यामुळे विजेचा संशय घ्यायचे कुणाच्या मनातच आले नाही. लाईट म्हणजे दिवा. ती नळातून कशी येईल?

"नळ चावतो म्हणजे काय, जयमालाबाई?" सुनीती म्हणाली. "हवा कोरडी असली की होतं तसं कधी कधी."

"कोरडी? ह्या खाडीच्या काठी? अहो, हात धरतं कोणीतरी! सोडत नाही लवकर. मी सांगते तुम्हांला, त्या म्हातारीचा राखणदार आहे तो. वर्षानुवर्षं पाणी प्यायची सवय त्याला. ह्या सेक्रेटरींनी फरशी ठोकली डोक्यावर. आता तो नळातनं पाणी मागतोय!"

हे बोलणे जिन्याने वर गेले आणि खाली आले तेव्हा चांगले धष्टपुष्ट झाले होते. एका दुपारी जयमालाबाई आणखी दोघींना घेऊन सुनीतीच्या मागच्या दाराशी आल्या. चांगुणाबाई भांडी घासत होती.

"मावशी, रागावू नका हं आमच्यावर," जयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी तिला एकदम मावशीच केले होते. "नारळ, कोंबडं, काय लागत असेल ते सांगा. आम्ही सगळ्या मिळून काटकरांना सांगून फरशी उचलायला लावतो. तुम्ही पहिल्यासारखं पाणी घाला. फक्त त्याला म्हणावं, हात धरू नकोस."

चांगुणाबाईच्या हातातली राख तशीच राहिली. एका शब्दाचे काम होते. हो म्हटले असते की फरशी उठली असती, चौकट परत मिळाली असती, वर मान मिळाला असता. पण हो म्हणायचे म्हणजे काय म्हणायचे? की खाली जे आहे ते लोकांना धरते, चावते, मांजरांना भिववते. बारसेही न झालेल्या पोरीला सगळ्यांसमोर भूत ठरवायचे.

"राखनदार नाय तिथं," ती म्हणाली. "आनि असंल त्ये कोनाला धरनारं नाय."

"मग हे काय आहे?"

"मना काय ठाव? मी भांडी घासतंय."

जयमालाबाई हिरमुसून गेल्या. "तोरा बघा," असे जिन्यातून ऐकू आलेच.

त्या गेल्यावर चांगुणाबाई उठली. हात धुवायला म्हणून न्हाणीच्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि तिने नळ धरला. आणि तिलाही ते जाणवले. बारीक, थरथरणारे, बोटांच्या पेरांतून मनगटाकडे सरकणारे. झटका नव्हता तो. तिच्या राठ, मिठाने रापलेल्या हाताला तो झटका वाटलाच नाही. तान्हे मूल डोळे मिटूनच आपले बोट पकडते, तेव्हा जेवढा जोर असतो तेवढाच जोर. चांगुणाबाईने हात काढला नाही. सुनीती आत आली तेव्हा ती नळ धरून उभी होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होते.

"अहो, सोडा ना! लागतंय का?"

"नाय वो," चांगुणाबाई म्हणाली. "लागत नाय."

सुनीती घाबरली. अरविंद संध्याकाळी आला तेव्हा तिने त्याच्यामागे लकडाच लावला, की भूत असो नाहीतर आणखी काही, उद्याच्या उद्या माणूस बोलाव. रविवारी अरविंदच्या ओळखीचा वायरमन आला. शिवराम त्याचे नाव. कळंबोलीच्या लोखंड बाजारात गोदामांची वायरिंग करायचा. रत्नागिरीकडचा, बोलण्यात शांत, तोंडात सदा सुपारी. 'भूत बघायला' म्हणून अर्धी सोसायटी जिन्यात गोळा झाली होती. रावसाहेब सगळ्यांत पुढे.

शिवरामने टेस्टर नळाला लावला. टेस्टरमधला दिवा मिणमिणता लागला. जिन्यात एकदम कुजबूज झाली. मग तो एकेका घरात गेला आणि तिथला गीझर, फ्रिज बंद करून बघत आला. शेवटी गुप्त्यांच्या न्हाणीत त्याने गीझरचे बटण बंद केले, तार उपसली आणि पुन्हा टेस्टर लावला. दिवा विझला.

"हा कोणी बसवला?"

"मीच," अरविंद म्हणाला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, पुस्तकात वाचून, मोठ्या हौसेने त्याने तो बसवला होता. सुनीतीने नवऱ्याकडे असे पाहिले की त्याने पुढे काही सांगितले नाही.

"चांगला बसवलात. पण ही तार पत्र्याला घासत्येय. थोडी थोडी लाईट पत्र्यात उतरते, तिथून नळाच्या पायपात, आणि पाईप तर सगळ्यांचे एकच."

"मग ती आमच्याकडेच कशाला येते?" जयमालाबाईंनी विचारले. "गीझर ह्यांचा, मार आम्हांला!"

"तेच बघायचंय, ताई. अशी चुकार लाईट उतरली तर ती जमिनीत जावी म्हणून वाट केलेली असते. तुमच्या सगळ्यांच्या घरातनं एक जाड तार खाली जाते. जमिनीत नळी, भोवती कोळसा न् मीठ. ओलं असलं की लाईट तिथून गुपचूप निघून जाते, कुणाला कळतसुद्धा नाही. कोरडं पडलं की वाट बंद. मग ती बिचारी त्याच तारेने न् पायपाने घरोघरी हिंडते, जो ओल्या हाताने धरील त्याच्यातनं जाते. अर्थिंगचा खड्डा कुठाय तुमचा?"

कुणालाच माहीत नव्हते. चांगुणाबाई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. मीठ आणि कोळसा हे शब्द ऐकून ती उठून उभी राहिली.

जाड तारेचा माग काढत शिवराम फरशीपाशी आला. पहारीने दोन फरश्या उचकटल्या. खाली विटांची चौकट, लोखंडी झाकण. आतला कोळसा विझल्या चुलीसारखा कोरडा ठणठणीत होता.

"गीझर बसवल्यावर लगेच त्रास नव्हता? मग कोणीतरी पाणी घालत असणार. कोण घालत होतं?"

सगळ्यांनी चांगुणाबाईकडे पाहिले. रावसाहेब खाकरले आणि त्यांनी टोपी सारखी केली. जयमालाबाई "मी म्हटलंच होतं ना, पाण्याचंच काहीतरी आहे," असे म्हणून मोकळ्या झाल्या. ती हसण्याची वेळ होती आणि काही जण हसलेही.

पण शिवराम नळीवर पहारीने ठोकून बघत होता. "कंत्राटदाराने आखूडच नळी घातलीय. नुसती मुरमात आहे. खाली जुनी खाडीची माती लागेल, ती बारा महिने ओली. हाच खड्डा खोल खणू, तिथपर्यंत नळी नेऊ, की कायमची कटकट मिटली. पाणीसुद्धा घालायला नको." त्याने पहार उचलली.

"नको!"

चांगुणाबाई कधी चौकटीपाशी आली ते कुणाला कळलेच नाही. ती खाली बसली आणि दोन्ही हात तिने झाकणावर ठेवले.

"मावशी, बाजूला व्हा. लागेल."

"खोल नको खनू रं बाबा. वरच्या वर काय त्ये कर. खाली माजी पोर हाय."

तुटक तुटक तिने सांगितले. बांध, भेंडी, मिठाची पाटी, गंगाराम. इतकी वर्षे जे सुनीतीलाही सांगितले नव्हते ते आज रावसाहेब, जयमालाबाई, स्कूटरवाले, सगळ्यांसमोर सांगितले, आणि सांगताना नजर झाकणावरच होती.

शिवरामने पहार भिंतीला टेकवली आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "इथंच आहे हे नक्की माहीत आहे, आये?"

"नाय," ती म्हणाली. "त्योच तर घोर हाय. विहिरीवरनं आनि देवलावरनं अंदाज धरलाय. तू खनलंस आनि ती नाय गावली, तर मंग मी पानी कुठं घालू?"

रावसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, घाम नव्हता तरी कपाळ पुसले.

"दुसरीकडं न्हाई का व्हायचं हे अर्थिंग?" त्यांनी शिवरामला विचारले.

"होईल की. जमीन ओली मिळाली की झालं. पंपाच्या टाकीमागे करतो. तार लांबवावी लागेल एवढंच. मग ही चौकट काही कामाची उरणार नाही, काढून टाकलीत तरी चालेल."

"ते आमी बघू," रावसाहेब तुटकपणे म्हणाले. "तुमी तिकडं खना."

नवा खड्डा टाकीमागे झाला. गीझरची तार शिवरामने बदलली. दोन दिवसांनी चांगुणाबाईने सुनीतीच्या न्हाणीत ओल्या फरशीवर उभे राहून नळ धरला. लोखंडाचा गारवा, बाकी काही नाही.

"आता नाही ना येत?" सुनीतीने दारातून विचारले.

"नाय."

"चांगुणाबाई..." सुनीती आत आली. तिच्या मनात बरेच काही होते, पण शब्द सापडले ते असे: "तेव्हा तुम्हांला वाटलं होतं ना, की तीच आहे?"

चांगुणाबाईने नळ सोडला. "वाटलं व्हतं जरा. पर बरं झालं लाईट निघाली त्ये. ती कशाला लोकांच्या घरांत हिंडंल? निजलीय ती." आणि जरा थांबून म्हणाली, "सांगून टाकलं त्येबी बरं झालं. मालकाच्या मागं कोनाला आठवतच नव्हतं ती व्हती म्हनून."

त्यानंतरच्या रविवारी गवंडी उचकटलेल्या फरश्या बसवायला आला. रावसाहेब खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते. चांगुणाबाईला येताना पाहून ते उठले आणि त्यांनी घसा साफ केला.

"हे बघा बाई. ह्या विटा सुटल्यात, त्या काढतो. त्येवढी जागा मोकळी ठेवतो मातीची. केवढी सोडू?"

चांगुणाबाईला वाटले, ते चिडवत आहेत. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. तिने डावा हात पुढे केला आणि उजव्या हाताने कोपरापाशी खूण केली: इथपासून बोटांच्या टोकापर्यंत.

"एवडी."

"एवढीशी?"

"एवडीच व्हती."

रावसाहेब त्या हाताकडे बघत राहिले. गवंडी हातातली थापी तशीच धरून होता. मग रावसाहेब स्कूटरींच्या रांगेकडे वळून, जरा जास्तच मोठ्याने, म्हणाले, "एवढ्याशा जागंत पाणी मुरायचं न्हाई. दोन फरश्या सोड रं."

गवंड्याने आणखी दोन उचकटून चार सोडल्या. त्या चार का सोडल्या हे रावसाहेबांनी त्याला विचारले नाही.